ग्रो बॅगांसोबत पाण्याचंही बघा
वयस्कर माणसांना कुंड्यांची बाग सोपी जावी म्हणून ग्रो बॅगा, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, सुचवतात, त्या हलक्या असतात हे पटलं, पण आमच्या आईला वजनापेक्षा वाकण्याचाच त्रास जास्त, म्हणून कुंड्या कमरेएवढ्या लोखंडी स्टँडवर घेतल्या, आता ती खुर्चीत बसून निवांत माती उकरते, पिकली पानं खुडते.

रोजच्या पाण्यासाठी वात लावा. नायलॉनच्या जाड दोरीचं एक टोक तळाच्या भोकातून वर मातीत, दुसरं खालच्या पाण्याच्या डब्यात, मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जरा जास्त घाला म्हणजे लागेल तसं पाणी वर ओढलं जातं. सुती दोरी लवकर कुजते. डब्याला झाकण मात्र हवंच हवं, डेंग्यूचे डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात! तुळस, पुदिना, मनीप्लांट यावर छान राहतात, कोरफड आणि अडेनियमला हे नको, मुळं सडतात.