वसाहत, वखार, मुलूख, काबिजाद : ‘कॉलनी’ला मराठीत किती शब्द?

प्रश्न

सोळाव्या ते अठराव्या शतकांतील सागरी साम्राज्यांविषयीच्या एका इंग्रजी ग्रंथाचे मराठी भाषांतर मी सध्या करीत आहे. मूळ ग्रंथात ‘कॉलनी’ हा शब्द पानोपानी येतो आणि त्याला ‘वसाहत’ हा आपल्याकडे रूढ झालेला प्रतिशब्द आहे. मात्र सुरतेतील इंग्रजांचे ठिकाण, आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवरील वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, जायफळाच्या बागा, स्पेनच्या ताब्यातील पेरू, आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप आणि कॅरिबियन समुद्रातील फ्रेंचांचे सँ-दोमिंग (आजचे हैती) या सर्वांना ‘वसाहत’ म्हटले, तर तेथे प्रत्यक्षात काय घडत होते, याचा मराठी वाचकाला पत्ताच लागत नाही, असे मला वाटू लागले आहे. हे भेद दाखवणारे शब्द मराठीत आहेत काय, आणि असल्यास आज ते वापरणे कितपत योग्य ठरेल?

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. शब्द आहेत, आणि ते नव्याने घडवावे लागणार नाहीत, कारण या परकीयांशी तीन शतके व्यवहार केलेल्या लोकांनीच ते वापरून ठेवले आहेत.

आधी ‘वसाहत’ पाहू. हा शब्द ‘वसणे’ या क्रियापदाच्या कुळातला आहे आणि आजच्या बोलण्यातही त्याचा तोच अर्थ जिवंत आहे. रेल्वे वसाहत, पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत असे आपण म्हणतो तेव्हा कोणी कोणाला जिंकल्याचे आपल्या मनातही येत नाही. बाहेरून आलेली माणसे किंवा उद्योग एका जागी वसले, एवढेच आपल्याला सांगायचे असते. लॅटिनमधील ‘कोलोनिया’ या शब्दाचे मूळही जमीन कसण्यात आहे. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन रोमनांनी जी गावे वसवली, त्यांना हे नाव होते आणि जर्मनीतील कोलोन शहराच्या नावात ते आजही टिकून आहे. तेव्हा माणसे येऊन राहिली आणि जमीन कसू लागली, या अर्थी ‘वसाहत’ हा अगदी नेमका शब्द आहे. पुढे युरोपीय भाषांनी ‘कॉलनी’चा अर्थ ताणत ताणत कोणत्याही ताब्यातल्या प्रदेशापर्यंत नेला आणि आपला शब्द त्याच्यामागे फरफटत गेला, ही खरी अडचण आहे.

आपल्या यादीतील केप हे अस्सल वसाहतीचे उदाहरण आहे, आणि ती वसाहत कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. १६५२ साली यान फान रीबेक तेथे उतरला, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीला तेथे राज्यही नको होते आणि गावही नको होते. हॉलंड आणि बटाव्हिया (आजचे जकार्ता) यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या जहाजांना गोडे पाणी, ताजी भाजी आणि मांस मिळावे, एवढ्यासाठी तिला एक ठाणे हवे होते. पाच वर्षांनी, म्हणजे १६५७ साली, कंपनीने आपल्या नऊ नोकरांना सेवेतून मुक्त केले आणि लीसबेक नदीच्या काठी जमिनी कसायला दिल्या. या जमिनी खोईखोई लोकांच्या गुराढोरांच्या चराईच्या होत्या. १६५९ साली त्यावरून लढाई पेटली आणि पुढच्या वर्षी तहाची बोलणी झाली, तेव्हा आम्ही तुमच्या हॉलंडात येऊन असेच वागलो असतो तर तुम्ही ते चालू दिले असते काय, असा खडा सवाल खोईखोई प्रमुखांनी केला. रीबेकनेच तो आपल्या रोजनिशीत नोंदवला आहे आणि जमीन आता युद्धात गेली, ती परत मिळणार नाही, असे आपले उत्तरही त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर हद्द आखण्यासाठी त्याने रानबदामाचे कुंपण लावले. त्याचे अवशेष केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात अजून दिसतात. ठाणे कोणत्या क्षणी वसाहत झाले, हे येथे बोट ठेवून दाखवता येते. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर हा सारा बदल भाषांतरात नाहीसा होईल.

सुरतेचे तसे नव्हते. तेथे इंग्रजांना १६१३ साली बादशाही परवानगीने जे मिळाले, ती ‘वखार’ होती. तेथे कंपनीचे मोजके नोकर राहत, माल साठवत, हिशेब लिहीत आणि गलबते भरत. जमीन, कायदा व सार्वभौमत्व मोगलांचे होते. ‘वखार’ या शब्दाविषयी मात्र एक सावधगिरी बाळगावी लागेल. आजच्या वाचकाला लाकडाची वखार किंवा वखार महामंडळाची गोदामे आठवतील, आणि वखार म्हणजे निरुपद्रवी कोठार असे त्याला वाटेल. राजापूरची हकीकत पाहिली की हा समज टिकत नाही. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजांचे निशाण फडकावून त्याने गडावर मारा केला. शिवाजी महाराजांनी १६६१ च्या आरंभी राजापूरवर छापा घालून वखार ताब्यात घेतली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. त्यांची सुटका १६६३ पर्यंत झाली नाही. व्यापारी म्हणून मिळालेल्या जागेतून परक्या राजाच्या युद्धात तोफ डागली जाते, हे त्या काळच्या मराठी माणसांनी डोळ्यांनी पाहिले होते.

म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ‘टोपीकर’ हा एक स्वतंत्र वर्ग दिसतो. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फरासीस म्हणजे फ्रेंच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक हे सावकारी करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, कारण प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राज्यकर्ता आहे आणि राज्यकर्त्याला भूमीचा लोभ नाही असे होत नाही, असे अमात्य सांगतात. त्यांना वखारीला जागा देऊच नये. देणे भाग पडलेच, तर समुद्रकाठी किंवा खाडीकाठी न देता आत, वस्तीच्या दाबाखाली राहील अशी द्यावी आणि पक्के बांधकाम करू देऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. व्यापारी आणि राज्यकर्ता एकाच अंगरख्यात असल्याची ही जाणीव अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शब्दबद्ध झालेली आहे. आपल्या ग्रंथातील ‘ट्रेडिंग कंपनी’ या विषयावरील प्रकरणात ‘टोपीकर’ हा शब्द पहिल्या उल्लेखाच्या वेळी समजावून देऊन वापरावा, असे मी सुचवीन.

वखारीपुढची पायरी ‘मुलूख’ आणि ‘अंमल’ यांची. १७६५ साली बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, तेव्हा तेथे इंग्रज वसले नाहीत. त्यांचा अंमल बसला. कंपनीच्या परवान्यावाचून कोणा इंग्रजाला येथे येऊन राहता येत नसे आणि जमिनी विकत घेऊन स्थायिक होण्याची मोकळीक १८३३ च्या सनदी कायद्याने मिळाली. सारा वसूल करणाऱ्या या सत्तेला मराठी दप्तरे ‘कुंपणी सरकार’ म्हणतात, ते किती अचूक आहे! १९२० च्या दशकात आपल्याकडे ‘वसाहतीचे स्वराज्य’ मागितले जात होते, तेव्हा त्यातील वसाहती म्हणजे कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा, जेथे इंग्रज कुळे जाऊन राहिली होती, त्या होत्या. हिंदुस्थान स्वतः ‘वसाहत’ असता, तर या मागणीला अर्थच उरला नसता.

पेरूबद्दल थोडक्यात सांगतो. स्पेनच्या दरबारी भाषेत मेक्सिको आणि पेरू ही राजाची ‘राज्ये’ होती आणि त्यांवर व्हाइसरॉय नेमले जात. स्पॅनिश माणसे तेथे स्थायिकही झाली, परंतु पोतोसीच्या खाणींतील चांदी १५४५ नंतर वर आली ती मूळ रहिवाशांच्या श्रमाने. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने आसपासच्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सुमारे सातव्या हिश्शाला पाळीपाळीने खाणीत उतरवण्याची पद्धत बसवली. तिला आपल्याकडे ‘वेठ’ असा रोखठोक शब्द असताना ‘श्रमव्यवस्था’ असे गुळमुळीत काही लिहू नये.

पुरवणी

वखारीच्या संदर्भात एक भर घालतो. इंग्रजी ‘फॅक्टरी’ या शब्दामुळे ‘इंग्रजांनी सुरतेत कारखाना काढला’ अशी वाक्ये मराठी पाठ्यसाहित्यात अधूनमधून आढळतात. येथील ‘फॅक्टर’ म्हणजे मालकाच्या वतीने दूरदेशी व्यवहार पाहणारा मुनीम आणि त्याच्या राहण्याचे व कारभाराचे ठिकाण ते ‘फॅक्टरी’. पोर्तुगीजांची ‘फेतोरिया’ही तीच. शिवकालीन ‘अठरा कारखान्यां’तील ‘कारखाना’ हा राज्याच्या सामग्रीचे खाते आणि कोठार या अर्थी आहे, त्यामुळे जुन्या मजकुरात तोही शब्द दिसला तर यंत्रे आणि मजूर डोळ्यांपुढे आणू नयेत.

आक्षेप

मी गोव्याचा आहे, आणि वरील प्रतिपादनाचा बराच भाग मान्य असूनही त्यातील एका वळणाची मला चिंता वाटते. लोक येऊन वसले तरच ती वसाहत, हा नियम केला, तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारच्या युक्तिवादाला आपण आपल्याच हातांनी बळ देऊ. १९५१ साली पोर्तुगालने घटनेत बदल करून आपल्या ‘वसाहती’ रद्द केल्या, पण केवळ कागदावर. त्यांना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले आणि गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे, असे जगाला सांगायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये हे अमान्य केले आणि पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांच्या यादीत गोव्याचे नाव घातले. त्यानंतर वर्षभराने गोवा मुक्त झाला. त्या दहा वर्षांत ‘गोवा ही वसाहत आहे’ हे वाक्य उच्चारणे म्हणजे परकी सत्तेला नाकारणे होते, आणि त्यासाठी लोकांनी तुरुंगवास सोसला आहे. व्युत्पत्तीच्या शुद्धतेसाठी त्या शब्दाचा हा अर्थ काढून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याचबरोबर, आपल्या यादीत एक शब्द राहून गेला आहे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या सोळाव्या शतकात घेतलेल्या प्रदेशाला आम्ही ‘जुन्या काबिजादी’ म्हणतो, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ताब्यात आलेल्या महालांना ‘नव्या काबिजादी’. पोर्तुगीज भाषेतही त्यांना ‘कोंकिश्ता’, म्हणजे जिंकून घेतलेले मुलूख, असेच नाव होते. हा भेद वरवरचा नाही. जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली आणि इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, धाक राहिला. नव्या काबिजादी येईपर्यंत सत्तेचे धोरण पालटले होते आणि तेथील धर्म व रीतिरिवाज पाळण्याची हमी देण्यात आली. एकाच सत्तेखाली अडीचशे वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन प्रदेशांचा अनुभव वेगळा होता, हे ‘काबिजाद’ या शब्दाआधीच्या विशेषणातून आमच्या गावोगावी आजही कळते.

आक्षेपाला उत्तर

हा आक्षेप मी स्वीकारतो, आणि माझे म्हणणे त्यानुसार अधिक नेमके करतो. ‘वसाहतवाद’ आणि ‘वासाहतिक’ हे शब्द सत्तेच्या नात्याचे वर्णन करतात. एका देशाची माणसे, साधने आणि कायदा दुसऱ्या देशाच्या सोयीसाठी राबवणे, असा त्यांचा अर्थ आता पक्का झाला आहे. गोवा, बंगाल, जावा, पेरू या सर्व ठिकाणी ते नाते होते आणि तेथे हे शब्द निःशंक वापरावेत. विसाव्या शतकातील मुक्तिलढ्यांच्या संदर्भात ‘वसाहत’ हे नामही तसेच ठेवावे, कारण तेव्हा ते लढणाऱ्यांच्या तोंडी होते. माझा आग्रह उरतो तो आधीच्या तीन शतकांपुरता आणि एखाद्या विशिष्ट ठिकाणाला नाव देण्यापुरता. तेथे वखार असेल तर वखार, ठाणे असेल तर ठाणे, जिंकलेला मुलूख असेल तर मुलूख किंवा काबिजाद असेच म्हणावे. ‘काबिजाद’ हा शब्द गोव्याबाहेर फारसा ठाऊक नाही, पण पोर्तुगीजांच्या प्रदेशांसाठी तो आवर्जून वापरावा, असे मला आता वाटते.

प्रश्नकर्त्याची उपशंका

सर्वांचा आभारी आहे. सँ-दोमिंगचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. तेथे फ्रेंच लोक वसले होते, म्हणून ती वसाहत ठरते. तरीही ‘फ्रेंच वसाहत’ असे लिहिताना काहीतरी महत्त्वाचे सुटते आहे, असे वाटते.

उत्तर

सुटते ते असे, की तेथील दहांतले जवळजवळ नऊ लोक वसलेही नव्हते आणि कोणी त्यांना वसवलेही नव्हते. त्यांना पकडून, विकून, जहाजांत कोंबून आणले होते, किंवा ते अशा आणलेल्यांच्या पोटी जन्मले होते. १७८९ च्या सुमारास तेथे सुमारे पाच लाख गुलाम होते आणि गोरे तीस-चाळीस हजारांच्या आसपास. म्हणून ‘वसाहत’ हा शब्द तेथे ठेवायचा असेल, तर ‘गुलामांच्या श्रमावर चालणारी मळ्यांची वसाहत’ असा पहिला उल्लेख पूर्ण करावा. नुसते ‘उसाचे मळे’ म्हटले की आपल्या वाचकाला विहीर, मोट आणि घरची माणसे दिसू लागतात. बांदा बेटांबाबतही हीच काळजी घ्यावी. तेथे १६२१ साली डच कंपनीचा गव्हर्नर-जनरल कून याच्या सैन्याने बहुतेक मूळ रहिवासी मारले किंवा हुसकले, आणि मग जायफळाच्या बागांचे तुकडे पाडून ते कंपनीच्या माणसांना दिले व गुलामांकरवी राबवले.

ऑगस्ट १७९१ मध्ये सँ-दोमिंगमध्ये जे सुरू झाले, त्यालाही ‘गुलामांचे बंड’ एवढेच म्हणून थांबू नये. पॅरिसच्या घटनांना आपण ‘राज्यक्रांती’ म्हणतो; येथे तर गुलामगिरी मोडली, तूसाँ लूव्हेर्त्यूरच्या नेतृत्वाखाली प्रशासन उभे राहिले, नेपोलियनने धाडलेल्या फौजेचा पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर झाले. ‘हैतीची राज्यक्रांती’ हेच तिचे नाव असावे.

याच प्रकरणात पुढे १८२५ चा करार येईल. फ्रान्सच्या राजाने युद्धनौकांचा ताफा पाठवून मान्यतेच्या बदल्यात पंधरा कोटी फ्रँक मागितले, आणि ते जुन्या ‘वसाहतवाल्यां’ना, म्हणजे मळ्यांच्या आणि गुलामांच्या मालकांना द्यायचे होते. मूळ ग्रंथात त्यासाठी ‘इन्डेम्निटी’ हा शब्द असणार आणि शब्दकोश आपल्याला ‘नुकसानभरपाई’ सुचवील. तो घेऊ नये. तोफा रोखून ठरवलेल्या अशा रकमेला मराठीत ‘खंडणी’ म्हणतात.