मदत हवी आहे: बाइंडिंग केलेले इंद्रजाल कॉमिक्स सोडवून विकावेत का? (नाशिक)

पंचवटीकर

नमस्कार मंडळी,

आमचं जुनं घर पुनर्विकासाला चाललंय, त्यामुळे माळा रिकामा करणं भाग आहे. काकांचा कॉमिक्सचा साठा खाली काढलाय. कापडी पाठीचे सात खंड आणि एक ट्रंकभर सुटे अंक. पाच खंड इंद्रजालच्या इंग्रजी अंकांचे, दोन मराठी (वेताळ, मॅन्ड्रेक वगैरे). ट्रंकेत अमर चित्र कथा जास्त, थोडे चांदोबा. काकांचं म्हणणं एवढंच, "विक, पण रद्दीत घालू नकोस."

अवस्था जशी आहे तशी सांगते. बाइंडरने तिन्ही बाजूंनी कटिंग मारलंय, काही मुखपृष्ठांवरचा क्रमांक अर्धा उडालाय. पण मुखपृष्ठं आत शाबूत आहेत. बऱ्याच अंकांवर कॉलनीतल्या लायब्ररीचा गोल शिक्का आहे. एक खंड २००८ च्या पुरात सराफ बाजारात आत्याकडे होता, त्याचा खालचा कोपरा भिजून पानांना लाटा आल्यात. सुट्यांपैकी काहींच्या पिना गंजल्यात. कसर फक्त दोन-तीन अंकांना लागलीय.

फोटो बघून बाहेरगावचा एक विक्रेता घरी आला. म्हणाला, बाइंडिंग सोडवून अंक सुटे करून द्या, मग नगाला चांगला भाव देतो. खंड तसेच दिले तर सगळ्यांचे मिळून एक रक्कम. शिवाय एका इंग्रजी खंडात १२२ नंतर थेट १२५ येतो, तो दाखवून "खंड अपुरा आहे" म्हणत आकडा आणखी खाली आणला. भाचा म्हणतो अमेरिकेला पाठवून ग्रेडिंग (अवस्थेनुसार गुण) करून घे, प्लॅस्टिकच्या डबीत येतात.

तर सोडवू का? आणि भाव ठरवायचा तरी कसा?

गोदाकाठी

पहिल्यांदा त्या १२३-१२४ चं. ते अंक निघालेच नाहीत! इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्समध्ये संप होता, ते दोन क्रमांक रिकामे गेले आणि अंक पुन्हा सुरू झाले ते १२५ पासून. म्हणजे खंड अपुरा नाही, पुरा आहे. जुना विक्रेता असेल तर त्याला हे ठाऊक असणारच. नसेल, तर त्याच्या बाकीच्या सांगण्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

असाच आणखी एक घोळ पुढे दिसेल. सरळ क्रमांक ४४३ पर्यंत चालतात, मग "खंड २०, अंक १" अशी पद्धत सुरू होते. तिथेही कुणी "मधले गायब" म्हणालं तर ऐकू नका.

खळ आणि दोरा

सोडवू नका, ताई. निदान आत्ता तरी नका.

माझे वडील बाइंडिंग करायचे, मी दुकानातच वाढलो. त्या काळी असे अंक बहुतेक बाजूने आरपार टोचून शिवत. म्हणजे प्रत्येक अंकाला पाठीजवळ भोकं पडलेली असतात. त्यावर खळ. खळीत मोरचूद घालत म्हणून कसर कमी लागते, तुमचे खंड त्यामुळेच टिकले असावेत. आता ती वाळलेली खळ ओढून काढायला गेलात की सगळ्यात आधी मुखपृष्ठाची पाठ फाटते. कटिंग गेलंय ते परत येत नाही, भोकं बुजत नाहीत. हाती येतो तो छाटलेला, भोकं पडलेला, पाठ फाटलेला सुटा अंक. विक्रेता सोडवायला सांगतो कारण फाटलं तर ते तुमच्या हातून फाटेल, आणि मग तेच दाखवून भाव पाडता येईल.

एकच अपवाद. काही बाइंडर टाके न घालता नुसती पाठीला खळ लावून कापड चढवत. खंड मधोमध उघडा. पान अगदी पाठीपर्यंत सपाट उघडलं आणि अंकाच्या स्वतःच्या पिना दिसल्या, तर जाणकाराकडून सोडवून घेता येतो. आतल्या बाजूला पान अडखळलं तर टाके आहेत, हात लावू नका.

भिजलेला खंड उन्हात ठेवू नका हो! वृत्तपत्री कागद उन्हाने आणखी पिवळा आणि कुडकुडीत होतो. सावलीत, पंख्याखाली, मध्ये टीपकागद घालून. आणि सेलोटेप अजिबात नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, तो डाग मग जन्माचा.

जुनीपानं

ग्रेडिंगबद्दल. अमेरिकेतली सीजीसी ही कंपनी २००० पासून हे काम करते. ०.५ ते १० अशी पट्टी आहे: ९.४ म्हणजे जवळजवळ नवाकोरा, ६ म्हणजे चांगला पण वापरलेला, २ म्हणजे दमलेला तरी संपूर्ण. पानाचा तुकडा गेलेला, कूपन कापलेला अंक तळाला. कडा छाटणं ही तिथे नुसती खोड धरत नाहीत, डागडुजीत मोजतात, आणि नेहमीच्या निळ्याऐवजी जांभळं लेबल येतं. तुमचे खंडांतले अंक म्हणजे मुळातच त्या वाटेने जाणारे. त्यावर डॉलरमधली फी, जायचा-यायचा कुरिअर, विमा, कस्टम. एखादा अगदी सुरुवातीचा, सुटा, कोराकरकरीत अंक ट्रंकेत निघाला तर विचार करा. बाकीच्यांचं पोस्टेज मुद्दलापेक्षा महाग पडेल.

तुम्ही एवढंच करा: प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधलं पान आणि पिना यांचे फोटो काढा. जे वाईट आहे ते आधी लिहा. शिक्का, गंज, नाव, सगळं. "जुना आहे म्हणून थोडं असायचंच" हे वाक्य लिहिलंत की अनुभवी माणूस पाठ फिरवतो.

भावासाठी ऑनलाइन मागितलेल्या किमती बघू नका. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. ई-बेवर "विकले गेलेले" असा वेगळा फिल्टर आहे, तिथे खरा आकडा दिसतो. संग्राहकांच्या गटांतले जुने लिलावही चाळा.

चहाबाज

विकताच कशाला? काकांची आठवण आहे. मुलांना वाचायला द्या.

पंचवटीकर

@चहाबाज, नवीन घर वन बीएचके आहे. तुमच्याकडे जागा असेल तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मुलांसकट पाठवते.

@खळ आणि दोरा, पाहिलं. सहा खंडांत पान अडखळतंय. सातवा, मराठी वेताळचा, पूर्ण सपाट उघडतो आणि पिना दिसतात!

अमर चित्र कथांचं काय करू? "कृष्ण" आहे, क्रमांक ११. म्हणजे हा अगदी सुरुवातीचाच ना?

जुनीपानं

मालिकेतला पहिल्यांपैकी आहे, पण तुमची प्रत पहिल्या छपाईची असेलच असं नाही. मालिका १९६७ ला सुरू झाली आणि लोकप्रिय अंक पुन्हा पुन्हा छापले गेले, बरीच वर्षं क्रमांक तोच ठेवून. आतली इतर अंकांची यादी बघा. अंक ११ वा आणि यादीत शे-दीडशे नावं असतील तर छपाई उघडच नंतरची आहे. किमतीवर चिकटी असेल तर तीही खूण. अशा प्रती वाचणारे लोक आनंदाने घेतात, संग्राहक फारसा हलत नाही.

चांदोबाचे मराठी अंक मात्र वेगळे काढून ठेवा. त्यांना विचारणारे वेगळे असतात, ते मुखपृष्ठाच्या चित्रासाठी घेतात.

खळ आणि दोरा

सातवा खंड घेऊन या, मी सोडवून देतो. रविवार कारंजाजवळ आहे, व्यनि करतो. पैसे नकोत, त्यातला एखादा अंक तिथेच बसून वाचू द्या म्हणजे झालं.

सुटे झाल्यावर डांबरगोळ्या नकोत, वास कागदातून जात नाही. बाजारातल्या साध्या प्लॅस्टिक पिशव्याही नकोत. पॉलिएस्टरचे कव्हर आणि आम्लरहित पुठ्ठा मागवा. लॅमिनेशन करून देतो म्हणणारा भेटेल, त्याला दारातूनच परत पाठवा.

पंचवटीकर

सगळ्यांचे आभार. विक्रेत्याला फोन केला, १२३-१२४ चं सांगितलं. जरा थांबून म्हणाला, "हो हो, तसं असेल." मग त्या सहांपैकी भिजलेला सोडून पाच खंड न सोडवता, खंडागणिक वेगळा भाव सांगा म्हटलं. आधीच्या सरसकट आकड्याच्या जवळजवळ दुपटीवर आलाय. अजून हो म्हटलेलं नाही, आधी फोटो आणि यादी संग्राहकांच्या गटात टाकते. भिजलेला खंड वेगळा ठेवलाय, तो विक्रीत नाही.

एक विचारायचं राहिलं: लायब्ररीचा शिक्का खोडरबराने पुसट करता येतो का?

जुनीपानं

नाही. कागदाचा थर निघतो आणि लबाडी दिसते. राहू द्या शिक्का, वर्णनात लिहा.