शरीरक्रियाशास्त्रातून जनुकांकडे: आर्थर डीव्रीज

प्रश्न: मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. प्राण्यांचे शरीरक्रियाशास्त्र आणि रेणवीय आनुवंशिकी या दोहोंत एकाच संशोधकाने काम केल्याचे चांगले उदाहरण कोणी सांगेल का?

प्रतिसाद १: आर्थर डीव्रीज यांचे काम पाहावे. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो येथे समुद्राचे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड असते, आणि सामान्य माशाचे रक्त मात्र उणे ०.७ अंशाच्या सुमारास गोठते. मग तिथले मासे जगतात कसे, हा त्यांचा मूळ प्रश्न निव्वळ शरीरक्रियेचा होता. रक्तातील क्षारांनी उत्तर पुरे पडेना, तेव्हा १९६० च्या दशकात त्यांना शर्करायुक्त प्रथिने सापडली, जी बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतात.

प्रतिसाद २: यात पुढचा भाग राहिला, आणि माझ्या मते तोच अधिक रंजक आहे. १९९७ मध्ये लिआंगबियाओ चेन, डीव्रीज व ची-हिंग क्रिस्टिना चेंग यांनी दाखवले, की या प्रथिनाचे जनुक स्वादुपिंडातील ट्रिप्सिनोजेन या पाचक विकराच्या जनुकापासून घडले. उत्तर ध्रुवाकडील कॉड माशांत जवळजवळ तसेच प्रथिन आढळते, परंतु त्याचा उगम सर्वस्वी निराळा आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे तीस वर्षे प्रश्न तोच राहिला आणि साधने तेवढी बदलली.

प्रतिसाद १: होय, आणि मासेही तेच, बर्फाला भोक पाडून पकडलेले.