मेलबर्नच्या फूटी क्लबची सुरुवात बाबांना एका दिवसात कशी दाखवू? सल्ला हवा

हळदीचं_पान

नमस्कार मंडळी,

माझे बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे मेलबर्नला आले आहेत. वय ७४. तरुणपणी कबड्डी खेळले, पुढे बरीच वर्षं गावोगावच्या स्पर्धांना पंच म्हणून उभे राहिले. माझा लेक दहा वर्षांचा, ऑसकिकला (मुलांच्या फूटीच्या वर्गाला) जातो आणि त्याला लाल-निळ्या मेलबर्न क्लबशिवाय दुसरं काही दिसत नाही.

मागच्या शनिवारी नातवाशेजारी बसून बाबांनी पहिल्यांदा फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, अख्खा सामना टीव्हीवर पाहिला. मला वाटलं होतं दहा मिनिटांत उठतील, पण ते शेवटच्या भोंग्यापर्यंत हलले नाहीत. पंचाचा पिंड असल्यामुळे प्रश्न सगळे नियमांचे. ऑफसाइड का नाही? चेंडू हातात धरता येतो तर फेकता का येत नाही, मुठीनेच का मारायचा? पायाने मारलेला चेंडू झेलला की सगळे मागे का सरतात? आणि शेवटी, हे सगळं बसून ठरवलं कुणी?

नातू म्हणाला, "आजोबा, आमच्याच क्लबने!" इतपत मलाही ठाऊक आहे. टॉम विल्स हे नाव ऐकून आहे, पण त्यापुढे माझी पाटी कोरी. बाबांना नुसतं तोंडी सांगून पटत नाही, त्यांना जागा दाखवावी लागते. एका दिवसात काय काय दाखवता येईल? बाबांचे गुडघे दुखतात, एका दमात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही. आधी काही वाचून जावं का? मराठीत काही सापडलं नाही, तेव्हा मी वाचून त्यांना सांगेन.

खाडीपलीकडचा

जिलाँगला या! हाही १८५९ चाच क्लब, मेलबर्नच्या पाठोपाठ निघालेला, आणि विल्स आमच्याकडूनही खेळला आहे. पण नातू मेलबर्नचा आहे म्हटल्यावर हट्ट करत नाही. एमसीजीतलं, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरचं, ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स म्युझियम मात्र चुकवू नका. आत बसायला जागा आहे, लिफ्ट आहे. सामन्याच्या दिवशी वेळा आणि प्रवेश बदलतात, म्हणून आधी संकेतस्थळ बघून निघा.

जोलिमाँटचा_प्रवासी

मी गेली सोळा वर्षं रोज याच स्टेशनवर उतरतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

म्युझियम शेवटी ठेवा. आधी तिथे गेलात तर काचेमागचा नियमांचा कागद हा नुसता कागद वाटेल. जोलिमाँट स्टेशनला उतरा. बाहेर वेलिंग्टन परेड हा रस्ता आहे आणि दक्षिणेला यारा पार्क, त्याच्या पलीकडे एमसीजी. एवढ्याशा तुकड्यात बाबांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. चालायचं अंतर पाच-सात मिनिटांचं आणि वाटेत बाकडी आहेत.

पहिल्या बाकावर बसून त्यांना काळ सांगा. मेलबर्न वसलं १८३५ मध्ये. १८५१ मध्ये सोनं सापडलं आणि जगभरची माणसं इथे लोटली. १८५६ मध्ये इथल्या पाथरवटांनी आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला. म्हणजे तरुण माणसांचं गाव, हातात थोडा पैसा आणि थोडा रिकामा वेळ. उन्हाळ्यात क्रिकेट होतं, हिवाळ्यात काही नाही. टॉम विल्स हा त्या वेळचा व्हिक्टोरियाचा सगळ्यात नावाजलेला क्रिकेटपटू. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत शिकून आलेला. १० जुलै १८५८ च्या 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या साप्ताहिकात त्याचं पत्र छापून आलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडून जातं, तेव्हा फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियम करायला समिती नेमावी, असं त्याचं म्हणणं. ते जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा, असंही त्यात आहे. हे पत्र बाकावर बसूनच वाचून दाखवा, छोटं आहे.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३१ जुलैला, इथे माणसं जमवून एक सामना झाला. तेव्हा यारा पार्कला रिचमंड पॅडॉक म्हणत. मैदान आखलेलं नाही, मध्येच गमची (निलगिरीची) झाडं, आणि ती खेळातच धरायची.

आता वेलिंग्टन परेडकडे तोंड करा. पॅडॉकसमोर याच रस्त्यावर जेरी ब्रायंटचं परेड हॉटेल होतं. ब्रायंट स्वतः क्रिकेटपटू. १७ मे १८५९ ला तिथे क्लबची काही मंडळी बसली आणि त्यांनी दहा नियम लिहून काढले. विल्स होता, विल्यम हॅमर्स्ली आणि जे. बी. थॉम्पसन हे दोघे केंब्रिजला शिकलेले पत्रकार होते, आणि टॉमस स्मिथ हा डब्लिनला शिकलेला शाळामास्तर. इंग्लंडमध्ये त्या वेळी प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा, आणि या मंडळींनी रग्बी, ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा शाळांचे नियम समोर ठेवून एकेक तपासला. विल्सचा ओढा रग्बीकडे होता. पण इथली जमीन कडक, आणि खेळणारे पोरं नव्हेत, सोमवारी कामावर जाणारी माणसं. नडगीवर लाथा घालायची रग्बीतली मुभा त्यांनी काढून टाकली. धक्का चालेल, पाय घालून पाडलेलंही चालेल, लाथ नाही.

बाबांच्या प्रश्नांची उत्तरं त्याच दहांत आहेत. ऑफसाइडचा नियम त्यांनी लिहिलाच नाही. खेळात असलेला चेंडू फेकायचा नाही, हा दहावा. पायाने मारलेला चेंडू थेट झेलला तर 'मार्क' म्हणून ओरडायचं, मग फ्री किक, आणि समोरच्याने त्या जागेच्या आत यायचं नाही, हा सहावा. आज समालोचक ज्याला मार्क म्हणतात तो हाच. उलट एक गोष्ट आज अगदी वेगळी आहे. तेव्हा जमिनीवरचा चेंडू उचलायला सक्त मनाई होती, झेललेला किंवा टप्पा घेऊन आलेलाच हातात घ्यायचा.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपले नियम १८६३ मध्ये केले. म्हणजे इथले चार वर्षं आधीचे. क्लब स्थापनावर्ष १८५८ सांगतो, रीतसर समिती आणि नियम मे १८५९ चे. नातवाने वाद घातला तर दोन्ही आकडे हाताशी असू देत.

म्युझियमच्या आधी एमसीजीबाहेरचा विल्सचा पुतळा बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची मुलं चेंडूसाठी झटताहेत. पण तो सामना या क्लबचा नव्हे, आणि हीच चूक सगळे करतात. तो ७ ऑगस्ट १८५८ चा, स्कॉच कॉलेज विरुद्ध मेलबर्न ग्रामर. एकेका बाजूला ४० मुलं. पुढे दोन शनिवार लांबला, तरी एकेक गोल होऊन बरोबरीतच राहिला. विल्स तिथे पंच होता. दुसरा पंच जॉन मॅकॅडम, ज्याच्या नावावरून मॅकाडेमिया नट म्हणतात तोच. पुतळ्यातला विल्स पंचच आहे, हे बाबांना नक्की सांगा.

मग म्युझियम. ते हाताने लिहिलेले नियम मेलबर्न क्रिकेट क्लबने जपून ठेवले आहेत आणि तिथे मांडलेले असतात. गेट ३.

गरिवर्दची_वाट

वरचा प्रतिसाद फार चांगला आहे, पण विल्सचं बालपण सुटलं आणि ते सुटायला नको.

तो रग्बीला गेला चौदाव्या वर्षी. त्याआधी तो वाढला पश्चिम व्हिक्टोरियात, गरिवर्द म्हणजे ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांजवळ, जाब वुरुंग या आदिवासी लोकांच्या भूमीवर. त्यांच्या मुलांबरोबर खेळला, त्यांची भाषा शिकला. या भागातले आदिवासी लोक पॉसमच्या कातड्याचा चेंडू करून खेळत, त्याला मार्नग्रूक म्हणतात. चेंडू उंच मारायचा आणि उडी घेऊन झेलायचा. आजच्या फूटीतल्या उंच मार्कशी त्याचं साम्य बघणाऱ्याला जाणवतंच. विल्सने मार्नग्रूकवरून काही घेतल्याचं स्वतः कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून काही इतिहासकार हा संबंध नाकारतात, तर काही म्हणतात की लहानपणी अंगात मुरलेलं माणूस कागदावर लिहीत नाही. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. तुम्ही बाबांना दोन्ही सांगा.

आणि यारा पार्कातच नदीकाठच्या लाल गमची दोन जुनी झाडं आहेत, त्यांच्या खोडावर साल काढल्याचे लांबट व्रण आहेत. वुरुंजेरी लोकांनी होडीसाठी काढलेली साल. फुटबॉल यायच्या आधी ही जागा कुणाची होती, ते त्या झाडांपाशी उभं राहिलं की कळतं. त्यासाठी दहा मिनिटं ठेवा.

हळदीचं_पान

किती मनापासून लिहिलंत! सगळं वहीत उतरवून घेतलं. एकच शंका: लेकाच्या पुस्तकात 'फुटबॉलचा जनक' म्हणून हॅरिसन असं नाव आहे. मग विल्स कोण?

जोलिमाँटचा_प्रवासी

हेन्री हॅरिसन, विल्सचाच भाऊबंद, आणि पुढे बहिणीच्या नात्याने मेहुणाही. जबरदस्त धावपटू. चेंडू कवटाळून तो असा सुटायचा की पकडणं मुश्किल. १८६६ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले ते त्याच्या अध्यक्षतेखाली, आणि त्यात चेंडू घेऊन धावणाऱ्याने दर पाच-सहा यार्डांवर टप्पा मारायचा, हे आलं. आज ते अंतर १५ मीटर आहे. हॅरिसन ९० च्या पुढे जगला, १९२९ पर्यंत. विल्स १८८० मध्ये, पंचेचाळिशीच्या आत, दारूच्या विळख्यात स्वतःचा जीव देऊन गेला. जो मागे राहिला त्याला पदवी मिळाली, आणि विल्सचं नाव बरीच वर्षं झाकोळून गेलं. म्हणून तो पुतळा मला महत्त्वाचा वाटतो.

जुनी_रद्दी

वाचायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. पुस्तकं आहेतच, पण मी सरळ वर्तमानपत्रांकडे जायला सांगेन. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर जुने अंक फुकट वाचता येतात. 'आर्गस' आहे, 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया'ही आहे. जुलै ते सप्टेंबर १८५८ आणि मे ते जुलै १८५९ एवढंच उघडा. शोधताना फुट आणि बॉल यांच्यामध्ये आडवी रेघ देऊन बघा, तेव्हा तसं छापत.

क्लबचा पुढचा धागा थोडक्यात: १८७७ मध्ये व्हिक्टोरियाची पहिली फुटबॉल संघटना, १८८९ मध्ये फुटबॉल क्लब क्रिकेट क्लबच्या पंखाखाली गेला, १८९७ मध्ये आठ क्लबांनी वेगळी लीग सुरू केली, त्यात मेलबर्न होतंच. गोलला सहा आणि बिहाइंडला (गोलच्या शेजारच्या खांबांमधून गेलेल्या चेंडूला) एक गुण तेव्हापासून. लीगमधलं पहिलं विजेतेपद १९०० चं. साखळीत सहावे होते, आणि अंतिम सामन्यात फिट्झरॉयला ३४-३० ने हरवलं. नातवाला ही गोष्ट सांगा, खूश होईल. 'डीमन्स' हे नाव मात्र १९३३ चं, त्याआधी लाल मोज्यांमुळे 'रेडलेग्ज'ही म्हणत.

डोंबिवली_लोकल

सांगलीचे आजोबा आहेत म्हणून एक भर घालतो. १८६१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये विल्सच्या वडिलांसह १९ जण आदिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. विल्स वाचला तो त्या दिवशी तिथे नव्हता म्हणून. त्यानंतर पाच वर्षांनी त्याच माणसाने पश्चिम व्हिक्टोरियातल्या आदिवासी क्रिकेटपटूंना शिकवलं आणि १८६६ च्या बॉक्सिंग डेला त्यांचा कर्णधार म्हणून एमसीजीवर उतरला. मला विल्सबद्दलची ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, फुटबॉलपेक्षाही. त्या संघात जॉनी मुलाघ होता. २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीपासून सामनावीराला मुलाघच्या नावाचं पदक देतात, आणि ते पहिलं पदक गळ्यात पडलं आपल्या अजिंक्य रहाणेच्या. ३६ धावांत गारद झालेल्या संघाला घेऊन त्याने ११२ काढले होते. आजोबांनी तो सामना पहाटे उठून पाहिलाच असेल.

हळदीचं_पान

काल जाऊन आलो. आधी पत्र, मग पुतळा, मग झाडं, शेवटी म्युझियम, तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने. मध्ये तीन वेळा बसलो, गुडघ्यांनी साथ दिली. व्रणाच्या झाडाला बाबांनी हात लावला नाही, चपला काढून थोडा वेळ समोर उभे राहिले. मुलाघचं ऐकून म्हणाले, "तो सामना मी एकही चेंडू न सोडता पाहिला होता, पण पदक कुणाच्या नावाचं ते आज कळलं."

म्युझियममध्ये मी एकेक नियम मराठीत सांगत गेले आणि ते बोटांवर मोजत गेले. दहावा झाल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचले. मग म्हणाले, "यात पंच कुठेच नाही." खरंच नाही! खांबांमधलं अंतर दोन्ही कर्णधारांनी ठरवायचं, नाणेफेक कर्णधारांनी करायची, पंचाचा शब्दही नाही. बाहेर पुतळ्यात पंच उभा आणि आत नियमांत पंचच नाही, हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना. परतीच्या गाडीत नातवाला विचारत होते, मग भांडण झालं तर मिटवायचं कुणी? तो म्हणाला, कॅप्टननी. बाबा म्हणाले, "आमच्याकडे सुरुवातीला तसंच होतं. दोन गावचे दोन म्होरके."

येत्या शनिवारी तिघांची तिकिटं काढली आहेत. बाबांना बसायला पंच जवळून दिसेल अशी जागा हवी आहे. एमसीजीत कुठल्या बाजूला घेऊ?

जोलिमाँटचा_प्रवासी

खालच्या मजल्यावर, विंगच्या बाजूला घ्या. मैदानाच्या मध्यावरचा बॉल-अप, म्हणजे पंच चेंडू वर उडवून खेळ सुरू करतो तो, समोरच होतो. आणि जाड स्वेटर न्या, सावलीत जुलैचा वारा बोचतो.