शब्बाथ शाळेत प्रयोग करून दाखवायचे आहेत, पण कुठले?

वास्कोची_आई
सगळ्यांना सलाम. आम्ही मूळचे मिरजेचे, यांच्या नोकरीमुळे गोव्यात. इथल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथ शाळेचा (रविवारी मुलांना बायबल शिकवतात ती) लहान गट आता माझ्याकडे आलाय. सात ते अकरा वर्षांची मुलं, बसायला सतरंजी, वर पत्रा. वचन पाठ करून घेताना निम्मी पंख्याकडे बघत असतात, म्हणून प्रयोग करून दाखवावेत असं मनात आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघितले तर जिकडेतिकडे काना गावचं लग्नच, जिथं येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला: पाणी ओतलं की पेल्यात लाल रंग. माझ्या मुलानं बघितला आणि लगेच विचारलं, "म्हणजे प्रभू येशूनंपण रांजणात आधी पावडर टाकून ठेवलेली?" याला काय सांगायचं? आणि घरच्या सामानात होतील असे दुसरे प्रयोग कोणी केलेत का?

फोंड्याच्या_बाई
सलाम गं. पोरगं हुशार आहे, ओरडू नकोस त्याला. माझा नियम सरळ आहे: प्रयोग प्रभूच्या दाखल्याला, म्हणजे दृष्टांताला लावायचा, चमत्काराला कधीच नाही. चमत्कार करून दाखवायला गेलीस की तू जादूगार, आणि मुलं हातचलाखी शोधत बसणार. शोधणारच, वयच ते. मीठ, दिवा, खमीर, मोहरी, वाळूवरचं घर हे मात्र प्रभूनं स्वतः लोकांच्या रोजच्या वापरातलं उचललेलं. ते समोर ठेवलं की झालं.

मिठापासून सुरुवात कर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिठागरातलं जाडं, करडं मीठ मिळतं, ते आण. पुडीतलं बारीक नको. दोन मुठी मीठ पातळ फडक्यात बांधायचं, पातेल्यावर धरायचं आणि मुलांना तांब्यानं वरून पाणी ओतायला लावायचं. भांडतात तांब्यासाठी, भांडू दे. ओतता ओतता पुरचुंडी हातातल्या हातात आटत जाते. शेवटी गाठ सोडून दाखव: चिमूटभर काळपट गाळ आणि दोनचार खडे. मग मत्तयच्या शुभवर्तमानातलं 5:13 वाच. मिठाचा खारटपणा जाईल कसा, असं मोठी माणसंसुद्धा विचारतात. पण त्या काळचं मीठ असंच माती मिसळलेलं. ओल लागली की मीठ विरघळून निघून जायचं आणि उरायचं ते वाटेवर टाकण्याजोगं. मी हे किती वर्षं नुसतं तोंडानं सांगत होते, कोणाच्या लक्षात राहत नव्हतं.

खमिराला बाटलीत कोमट पाणी, साखर, यीस्ट आणि तोंडाला फुगा. पाणी उकळतं घातलंस तर यीस्ट मरतं आणि फुगा लोंबतच राहतो. फुगा उभा राहायला अर्धा तास जातो, तेवढ्यात मत्तय 13:33 मधल्या बाईची तीन मापं पीठ सांगून होतात. इथल्या मुलांना इडलीसारखी सान्नां ठाऊक असतात. सूर, म्हणजे माडी घातल्यावर पीठ कसं वर येतं ते तीच सांगतील. मात्र त्याच शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायात परूश्यांचं, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांचं खमीर येतं, आणि तिथं ते वाईट अर्थानं. लहान गटाला दोन्ही एका दिवशी देऊ नकोस, गोंधळ होतो.

दिव्यासाठी मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घाल. मत्तय 5:15. मापाखालचा दिवा कोणाला दिसत नाही एवढंच आपण शिकवतो. इथं तो विझतोसुद्धा, ते मुलं आपणहून बोलतात.

पेडण्याचा_मास्तर
मी तुमच्या मंडळीतला नाही, भजनातला माणूस, पण हायस्कुलात विज्ञान शिकवतो म्हणून लिहितो. मेणबत्ती बशीतल्या पाण्यात उभी केली तर पाणी पेल्यात चढतं, आणि "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली" असं सर्रास सांगतात. ते सांगू नका. सगळा ऑक्सिजन संपतच नाही. ज्योत विझल्यावर आतली तापलेली हवा थंड होऊन आकसते, मुख्यतः त्यामुळे पाणी वर येतं.

पाप धुतलं जाण्याचा धडा असेल तर एक सुचवतो. पेजेचं वरचं पाणी गार करून घ्या. सुरय (न उकडलेल्या) तांदळाचं बरं, उकड्याचं तांबूस येतं. त्यात बेटाडीनचे दोन थेंब टाका, शाईसारखं निळंकाळं होईल. मग व्हिटॅमिन सीची गोळी कुटून घालून ढवळा, पुन्हा पांढरं. प्यायचं अर्थातच नाही. याच कामासाठी ब्लीच वापरलेले व्हिडिओ आहेत, मुलांमध्ये ते नको. आणि एक आधीच सांगतो: आयोडीन पेल्यातून कुठं जात नाही. त्याचं रूप बदलतं, म्हणून रंग जातो. कोणीतरी विचारेलच.

मडगावकार
आमच्या दोतोर्नीला (ख्रिस्ती शिकवणीच्या वर्गाला) सिस्टर नुसती गोष्ट सांगायची आणि आम्ही ऐकायचो. प्रयोग केला की पोरांना फुगा आठवतो, वचन नाही.

फोंड्याच्या_बाई
मडगावकार, त्यात तथ्य आहे. म्हणून मी रविवारी एकच प्रयोग करते, आणि फुगा काढून ठेवल्याशिवाय वचन घेत नाही.

मास्तर, देव बरें करूं. हे मी यशया 1:18 ला घेणार, लाल पापं बर्फासारखी पांढरी होतात तिथं. आयोडीन आत राहतं याची मला अडचण नाही. ज्याच्या पापावर पांघरूण घातलंय तो धन्य, असं 32व्या स्तोत्राच्या पहिल्याच वचनात आहे. पण मीखा 7:19 ला हा पेला चालायचा नाही. तिथं पापं समुद्रात खोल टाकलीत. त्या दिवशी मुलांना मिरामारच्या किनाऱ्यावर नेऊन दगड फेकायला लावीन.

वास्कोची_आई
बाई, मास्तर, आभार. मुलाला सांगितलं की काना गावात जे झालं ते मला करून दाखवता येत नाही, कोणालाच येत नाही, म्हणून तर त्याला चमत्कार म्हणतात. त्याला पटलं की नाही देव जाणे, पण तांब्या धरायला पहिला तोच बसणार आहे. येत्या रविवारी मीठ, पुढच्या रविवारी पेज. पेजेची तालीम आज घरी केली आणि बेटाडीन सतरंजीवर सांडलं. मंडळीची सतरंजी आहे हो. डाग कशानं जाईल?

पेडण्याचा_मास्तर
तीच गोळी. पाण्यात विरघळवून डागावर ओता, थोडा वेळ ठेवा, मग धुवा. आधी कोपऱ्यावर लावून बघा, सतरंजीचा रंग जात नाही ना ते.