रात्री वीस मिनिटं बोलायचं, दिवसभर लोळायचं?

कार्डिफकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘वेल्सचे स्टँडअपवाले रात्री वीस मिनिटं बोलतात नि दिवसभर लोळतात.’ डोकंच फिरलं. आमच्या शेजारचा पोरगा स्टँडअपच करतो. दिवसा कॉल सेंटर, संध्याकाळी गाडी काढून शोसाठी ब्रिस्टल. पहिलं दीड वर्ष पाच-पाच मिनिटांचे ओपन स्पॉट, म्हणजे नवख्यांना मिळणारा मंच, तेही फुकट, पेट्रोल पदरचं. रात्री दोनला येतो, दार हळूच लावतो, पण आमची भिंत पातळ! ऑगस्टात स्कॉटलंडातल्या एडिनबरा फ्रिंज महोत्सवाला राहायच्या खोलीचं भाडं भरून परत शो संपल्यावर प्रेक्षकांकडून पैसे गोळा करायला दाराशी बादली घेऊन हाच उभा.

तिरकस: ‘एकाने’ म्हणजे मीच. कुणी जबरदस्ती केलीय? आपला वेल्श विनोदी गायक मॅक्स बॉइस कोळशाच्या खाणीत राबला, 1973 ला ट्रिऑर्कीच्या रग्बी क्लबात रेकॉर्डिंग केलं नि नाव काढलं. पेट्रोलचं रडगाणं नव्हतं.

सुगरण_स्वान्सी: तेव्हा कामगारांचे क्लब शनिवारी भरायचे हो. खाणी गेल्या, कितीतरी क्लबांना कुलपं लागली. आणि कार्डिफहून उत्तर वेल्सातल्या बँगरला जायचं तर रेल्वे इंग्लंडातून वळसा घालते. करा दौरे!

तिरकस: मग वेल्शमध्येच करा. एस4सी हे वेल्श टीव्ही चॅनेल 1982 पासून आहे की.

कार्डिफकर: विनोदवीर एलिस जेम्स इंग्रजी नि वेल्श दोन्ही भाषांत करतो. पण 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे 5 लाख 38 हजार. एकदा फिरलात की तीच माणसं, पुढच्या रांगेत मावशी. जुना विनोद खपेल? नवा माल घासायला मे महिन्यात मॅकिनलेथ गावच्या कॉमेडी फेस्टिव्हलला जातात सगळे.

शुद्धलेखन_आजोबा: मॅकिनलेथ नव्हे, मखन्ह्लेथ.

तिरकस: आजोबा, त्या वेल्श ‘ll’साठी आपला ‘ळ’ लिहा ना. मराठीची शान!

शुद्धलेखन_आजोबा: ‘ळ’ नाही! जीभ ‘ल’च्या जागी ठेवून बाजूने फुंकर मारायची. लेक ह्लानेह्ली गावात दिलीय, जावयाने तीन दिवाळ्या शिकवलं.

सुगरण_स्वान्सी: आमच्याकडे सगळे लानेथलीच म्हणतात.

शुद्धलेखन_आजोबा: म्हणून चूक बरोबर होत नाही, ताई.

कार्डिफकर: अहो, पोरांच्या पोटापाण्याचं चाललं होतं!

तिरकस: बरं बाबा, वीस मिनिटं अधिक पाच तास स्टिअरिंग. झालं समाधान? तुमच्या त्या पोराचा शो कधी असतो?

कार्डिफकर: शनिवारी, न्यूपोर्टला. तिकीट काढून या. फुकटे पास नाहीत.