मदत हवी आहे: प्रेसवर भावाची दोन बोटं गेली, ठेकेदार स्टॅम्प पेपरवर सही मागतोय

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय ३०, एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. त्या मशीनला दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं आहेत, म्हणजे हात साच्यात जायलाच नको. पण माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरने ती बंद करून सगळ्यांना पायाच्या पेडलवर काम करायला लावलं होतं. पगार १४,००० रुपये. ऑपरेशनचा खर्च ठेकेदाराने केला, तेव्हापासून पगार बंद.

आता तो पन्नास हजार द्यायला तयार आहे, पण "संपूर्ण भरपाई मिळाली, यापुढे कसलीही तक्रार नाही" असं लिहून हवंय. वर दम देतो, सेफ्टी काढून काम करत होता, केस केलीत तर रुपया मिळणार नाही. कारखानावाले म्हणतात, तो आमचा माणूसच नाही. घरात ओढाताण आहे, भाऊ सही करायच्या बेतात आहे. काय करावं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, आधी सही थांबवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, पण अपघात त्याआधीचा, म्हणून १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदाच धरायचा. त्याच्या कलम १७ नुसार कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल असतो. तडजोड करायचीच तर ती कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. सही झालीच तरी सगळं संपलं असं नाही, पण तो कागद निस्तरण्यात उगाच वेळ जातो.

पन्नास हजार किती कमी आहेत ते बघा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४००. कायद्यात वयाप्रमाणे गुणक दिलाय, तिसाव्या वर्षाचा २०७.९८. गुणाकार १७,४७,०३२. एका हाताची दोन बोटं गेली तर परिशिष्टात कमाईक्षमतेचं नुकसान २० टक्के धरलंय. म्हणजे सुमारे ३ लाख ४९ हजार. शिवाय हात बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, आणि उपचाराचा खर्च वेगळा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज. उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

"आमचा माणूस नाही" हेही चालत नाही. ठेकेदाराकडून करून घेतलेलं काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल, तर कलम १२ प्रमाणे मूळ मालकाकडे मागता येतं. त्याने ते मग ठेकेदाराकडून वसूल करावं, ते त्यांचं ते बघतील.

प्रतिसाद २

वरचा हिशोब बरोबर आहे, पण भाऊ ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) येतो का हे आधी बघा. येत असेल तर १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नाही, लाभ ईएसआयकडूनच घ्यावा लागतो. तोही वाईट नाही: हात बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात दरमहा रक्कम.

धागाकर्ती

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसत नाही.

प्रतिसाद २

कपात नाही म्हणजे संरक्षण नाही, असं धरू नका. २१,००० पर्यंत पगार आणि ईएसआय लागू असलेला कारखाना, एवढं जुळत असेल तर वर्गणी बुडवणं हा मालकाचा गुन्हा. कामावरच्या इजेसाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. ईएसआयच्या शाखा कार्यालयात कारखान्याचं नाव सांगून लेखी विचारा. लागू नाही असं उत्तर आलं, की भरपाई आयुक्तांकडे.

प्रतिसाद ३

"सेफ्टी काढली" या मुद्द्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. कामगाराने जाणूनबुजून सुरक्षा साधन काढलं असेल तर मालकाला हा बचाव घेता येतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर नाही घेता येत, पण तुमची केस अंशतः अपंगत्वाची आहे. बटणं सुपरवायझरने बंद केली, सगळे पेडलवरच चालवत होते, हे सांगणारे एक-दोन सहकारी आत्ताच गाठा. पुढे ठेकेदार त्यांची शिफ्ट बदलेल नाहीतर काढून टाकेल, मग कोणी बोलायला येत नाही.

आणि २० टक्के म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली परिशिष्टातला टक्का बाजूला ठेवून पूर्ण अपंगत्व मानलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमच्याकडे तेवढं मिळेलच असं नाही, पण भावाला आता प्रेस चालवता येते का, हे डॉक्टरांच्या दाखल्यात स्पष्ट लिहून घ्या.

धागाकर्ती

खूप आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं, सही करत नाही म्हणाला. एक विचारायचं राहिलं: अपघातानंतर त्या प्रेसची बटणं परत जोडलीत म्हणे. याचा उपयोग होईल का?

प्रतिसाद ३

होईल. कधी जोडली आणि कोणी, ते सहकाऱ्यांकडून तारखेसकट लिहून ठेवा. कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने सरकारी कारखाना निरीक्षकाला कळवायचं असतं. ते कळवलं का, आणि बटणांबद्दल काय लिहिलं, हे माहितीच्या अधिकारात मागा. दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, पण अपघाताची लेखी नोटीस ठेकेदार आणि कारखाना दोघांनाही याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावतीसकट.